राउटर, घरगुती बिनतारी

घरातील संगणक, मोबाइल फोन, दूरचित्रवाणी संच, छपाई यंत्र, पाळतीचा कॅमेरा इ. उपकरणांना रेडिओ तरंगांच्या साहाय्याने परस्परांशी आणि घराबाहेरील इंटरनेटशी जोडून देणारे साधन. ‘राउटर’ या शब्दाचा अर्थ मार्ग ठरविणारा असा आहे. घरात येणारी व घरातून बाहेर जाणारी सर्व माहिती या एकाच साधनातून जाते. बँकेचे व्यवहार, खाजगी पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास, रुग्णाचे तपासणी अहवाल यांपैकी काहीही त्याला वगळून जात नाही. त्यामुळे त्याची निवड ही केवळ सोयीची बाब राहिलेली नाही.

राउटर विकत घेताना ग्राहकाचे लक्ष सामान्यतः वेष्टनावर छापलेली गती आणि आकाशकांची (अँटेनांची) संख्या यांकडे जाते. ही दोन्ही लक्षणे विश्वसनीयतेची किंवा सुरक्षिततेची खूण नव्हेत. राउटर हा मूलतः एक लहान संगणक असून त्याची स्वतःची कार्यप्रणाली असते. उपकरणातच साठविलेल्या या कार्यप्रणालीस ‘फर्मवेअर’ असे म्हणतात. तीत पुढे आढळणारे दोष उत्पादक किती काळ दुरुस्त करीत राहतो आणि त्या दुरुस्त्या घरातील राउटरपर्यंत पोहोचतात किंवा नाही, यांवर त्याची सुरक्षितता मुख्यत्वे अवलंबून असते. दुरुस्ती थांबलेला राउटर वरकरणी पूर्वीसारखाच चालत असतो. हेच त्यातील खरे संकट होय.

रचना व कार्य : घरगुती राउटरच्या एका पेटीत चार वेगवेगळी कार्ये एकत्र केलेली असतात. पहिले कार्य बाहेरील जाळे व घरातील जाळे यांच्यात माहितीच्या पुडक्यांची ने-आण करण्याचे. दुसरे तारेने जोडलेल्या उपकरणांना परस्परांशी जोडण्याचे. तिसरे बिनतारी उपकरणांशी रेडिओ तरंगांद्वारे संदेशवहन करण्याचे. आणि चौथे नको असलेली बाहेरील पुडकी अडविण्याचे. चौथे कार्य करणाऱ्या भागास ‘फायरवॉल’ म्हणतात. प्रकाशीय तंतूवरून (फायबरवरून) आलेल्या प्रकाशस्पंदांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारे साधन (ओएनटी) हे तत्त्वतः वेगळे असते. तथापि अनेक सेवादाते ते आणि राउटर एकाच पेटीत बसवून ग्राहकास देतात.

इंटरनेटवरील पत्त्यांची मूळ पद्धती ३२ बिटांची असल्याने तीत सु. ४२९ कोटींहून अधिक पत्ते असू शकत नाहीत. म्हणून बाहेरून संपूर्ण घरास एकच पत्ता मिळतो आणि राउटर आतील उपकरणांना १९२.१६८.१.५ यासारखे खाजगी पत्ते वाटून देतो. आतून मागणी न गेलेले पुडके बाहेरून आल्यास ते कोणत्या उपकरणाकडे पाठवावयाचे हे राउटरला ठाऊक नसते व ते पुडके तेथेच टाकून दिले जाते. अशा रीतीने पत्त्यांच्या टंचाईतून घराला काही प्रमाणात संरक्षणही लाभले. १२८ बिटांच्या नव्या पद्धतीत मात्र प्रत्येक उपकरणास स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. हे आनुषंगिक संरक्षण तेथे राहत नाही आणि फायरवॉल चालू असणे अत्यावश्यक ठरते.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकीय पत्ता कोणाला विचारावयाचा, हेही घरातील उपकरणांना राउटरच सांगतो. घुसखोराने राउटरमधील ही एकच नोंद बदलली, तर बँकेचे नाव अचूक टंकलिखित करूनही ग्राहक बनावट स्थळी पोहोचू शकतो. अशा वेळी प्रमाणपत्र जुळत नसल्याचा इशारा ब्राउझर देतो. तो दुर्लक्षिल्यास फसवणूक पूर्ण होते. संगणकावर विषाणुरोधक प्रणाली असूनही हा धोका टळत नाही, कारण दोष संगणकात नसून राउटरमध्ये असतो.

इतिहास व मानके : रेडिओ तरंगांवरून संगणक जोडण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयोग हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली झाला. ‘अलोहा’ नावाचे हे जाळे १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८५ मध्ये काही कंप्रता पट्टे विशिष्ट अटींवर परवान्याशिवाय संदेशवहनास खुले करण्यात आले आणि त्यामुळे घरगुती वापराचा मार्ग मोकळा झाला. विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेने १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार दर सेकंदास २ मेगाबिटपर्यंत गती मिळे. १९९९ मध्ये ती ११ मेगाबिट, २००३ मध्ये २·४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात ५४ मेगाबिट, तर २००९ च्या मानकानुसार कमाल ६०० मेगाबिट झाली. निरनिराळ्या कंपन्यांची साधने परस्परांशी जुळतात किंवा नाही हे तपासण्यासाठी १९९९ मध्ये उत्पादकांची संघटना स्थापन झाली. तीच पुढे ‘वाय-फाय अलायन्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मानकांची अक्षरी नावे ग्राहकांना दुर्बोध वाटत असल्याने २०१८ मध्ये तिने क्रमांकांची पद्धती सुरू केली. तीनुसार २००९ चे मानक वाय-फाय ४, २०१३ चे वाय-फाय ५ आणि २०२१ चे वाय-फाय ६ म्हणून ओळखले जाते. वाय-फाय ७ साधनांचे प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले.

भारतात २·४ गिगाहर्ट्‌झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. ५ गिगाहर्ट्‌झ परिसरातील एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ रुंदीचे पट्टे ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुले झाले. त्यानंतर ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा अल्पशक्तीच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. परदेशातून आणलेल्या राउटरमधील पट्टे व प्रेषणशक्ती त्या देशाच्या नियमांनुसार ठरविलेली असल्याने असे साधन येथे वापरताना देशाची निवड भारत अशी करणे आवश्यक असते.

कंप्रता व घराची रचना : २·४ गिगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगांची लांबी सु. १२·५ सेंमी., तर ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील तरंगांची लांबी ५ ते ६ सेंमी. असते [→ रेडिओ तरंग]. पहिला पट्टा भिंतींतून अधिक चांगल्या रीतीने पार होतो. परंतु तो अरुंद असून त्यात परस्परांवर न चढणारे मार्ग सामान्यतः तीनच (१, ६ व ११) मिळतात. सूक्ष्मतरंग भट्टीही २,४५० मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेवर चालत असल्याने ती चालू असताना या पट्ट्यात व्यत्यय येतो. दुसऱ्या पट्ट्यात मार्ग पुष्कळ आणि गती अधिक; पण एक-दोन भिंतींनंतर त्याचे बल झपाट्याने घटते. एकाच इमारतीत दहा-वीस बिऱ्हाडांचे राउटर शेजारी शेजारी चालतात, तेथे २·४ गिगाहर्ट्‌झ पट्टा गर्दीने निकामी होतो. याउलट दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यात ५ गिगाहर्ट्‌झचे तरंग पलीकडच्या खोलीतही पोहोचत नाहीत. म्हणून दोन्ही पट्ट्यांवर चालणारा राउटर घेणे श्रेयस्कर असते.

प्रबलित काँक्रीटच्या भिंतींतील पोलादी गज, लोखंडी कपाटे, मोठे आरसे आणि पाण्याच्या टाक्या हे तरंगांचे मुख्य अडथळे होत. राउटर घराच्या मध्यभागी, दीड ते दोन मी. उंचीवर आणि उघड्यावर ठेवल्यास त्याचा उत्तम उपयोग होतो. तो दूरचित्रवाणी संचामागे किंवा कपाटात ठेवण्याची सर्वत्र आढळणारी पद्धत अयोग्य आहे. आकाशकांची संख्या वाढविल्याने पल्ला त्या प्रमाणात वाढत नाही. प्रेषणशक्तीची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली असते. शिवाय संदेशवहन दुतर्फी असल्याने मोबाइल फोनमधील दुर्बल प्रेषकाचा संदेशही राउटरपर्यंत परत पोहोचावा लागतो. घर मोठे किंवा दुमजली असल्यास एकच महाग राउटर घेण्याऐवजी दोन मध्यम प्रतीची साधने तारेने जोडून दोन ठिकाणी बसविणे अधिक परिणामकारक ठरते. तार टाकणे शक्य नसल्यास परस्परांशी बिनतारी बोलणारी ‘मेश’ प्रकारची साधने वापरतात. मात्र दोन साधनांमधील दुवा आणि ग्राहकाची उपकरणे एकाच मार्गावर असल्यास उपलब्ध गती सु. निम्म्यावर येते.

गतीचे आकडे : वेष्टनावरील आकडा हा सर्व पट्ट्यांवरील सैद्धांतिक गतींची बेरीज असतो. उदा., ‘एसी १२००’ या वर्णनात २·४ गिगाहर्ट्‌झवरील ३०० आणि ५ गिगाहर्ट्‌झवरील ८६७ मेगाबिट मिळवून पूर्णांक केलेला असतो. बहुतेक उपकरणे एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडली जात असल्याने ही बेरीज कोणत्याही एका उपकरणास मिळत नाही. एका वेळी एकच उपकरण प्रेषण करू शकते आणि नियंत्रक संदेशांनाही वेळ लागतो. त्यामुळे प्रत्यक्ष गती सैद्धांतिक गतीच्या निम्म्याच्या आसपास असते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या वर्गातील अनेक स्वस्त राउटरमध्ये तारेच्या जोडणीची खोबण (पोर्ट) दर सेकंदास १०० मेगाबिटचीच असते. घराला २०० मेगाबिटची जोडणी घेतली असली, तरी अशा राउटरमधून १०० हून अधिक मेगाबिट आत येऊच शकत नाहीत. म्हणून सर्व खोबणी १,००० मेगाबिटच्या म्हणजे ‘गिगाबिट’ असल्याची खात्री करून घ्यावी लागते. सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने याहून अधिक गतीसाठी जादा किंमत देण्यात विशेष लाभ नसतो.

कूटलेखन : रेडिओ तरंग भिंतीपाशी थांबत नसल्याने शेजारी किंवा रस्त्यावरील व्यक्तीही ते ग्रहण करू शकते. यावर उपाय म्हणून माहितीचे कूटलेखन करतात. १९९७ च्या मानकातील ‘वेप’ ही पद्धती २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन व शामीर यांनी सदोष असल्याचे दाखवून दिले. तीऐवजी २००३ मध्ये ‘डब्ल्यूपीए’ व २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ या पद्धती आल्या. बेल्जियममधील लूव्हाँ येथील विद्यापीठातील मॅथी व्हॅनहोफ व फ्रँक पिसेन्स यांनी डब्ल्यूपीए-२ मधील जोडणीच्या प्रक्रियेत एक मूलभूत दोष असल्याचे ऑक्टोबर २०१७ मध्ये उघड केले. हा दोष फर्मवेअर व उपकरणे अद्ययावत करून दूर करता आला. ज्यांच्या उपकरणांना दुरुस्ती मिळाली नाही, त्यांच्यापुरता तो कायम राहिला. ‘डब्ल्यूपीए-३’ ही पद्धती २०१८ मध्ये आली व जुलै २०२० पासून नव्या साधनांच्या वाय-फाय प्रमाणनासाठी ती आवश्यक झाली.

डब्ल्यूपीए-२ मध्ये जोडणीच्या वेळचे संदेश टिपून घेतल्यास परवलीचा शब्द पुढे निवांतपणे, राउटरशी संपर्क न ठेवता, अंदाजाने शोधता येतो. भारतात अनेक घरांत मोबाइल क्रमांकच परवलीचा शब्द म्हणून ठेवलेला असतो. हा क्रमांक दहा अंकी असून त्याचा पहिला अंक ६ ते ९ यांपैकी असल्याने एकूण शक्यता ४०० कोटी होतात. आधुनिक चित्रसंस्कारकावर दर सेकंदास १० लक्ष शब्द तपासता येतात असे धरल्यास या सर्व शक्यता सु. ६७ मिनिटांत संपतात. याउलट ७,७७६ शब्दांच्या यादीतून फासे टाकून निवडलेल्या चार शब्दांच्या सर्व शक्यता तपासण्यास त्याच यंत्राला सु. ११६ वर्षे लागतील आणि पाच शब्दांना सु. ९ लक्ष वर्षे. असे शब्द लक्षात ठेवण्यास चिन्हांच्या जंजाळापेक्षा सोपे असतात. डब्ल्यूपीए-३ मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी नव्याने संपर्क साधावा लागत असल्याने दूर बसून शोध घेण्याचा हा मार्ग बंद होतो. घरात जुनी उपकरणे असल्यास दोन्ही पद्धतींचा संमिश्र वापर करता येतो. तथापि त्यात जुन्या पद्धतीचे दोष अंशतः शिल्लक राहतात आणि लांब परवलीच्या शब्दाची गरज संपत नाही.

सोयीसाठी केलेली योजनाच धोक्याची ठरल्याचे उदाहरण म्हणजे आठ अंकी क्रमांकाने किंवा कळ दाबून उपकरण जोडण्याची ‘डब्ल्यूपीएस’ ही सुविधा होय. आठ अंकांपैकी शेवटचा अंक पडताळणीचा असल्याने १ कोटी शक्यता उरतात. परंतु राउटर हा क्रमांक दोन भागांत तपासत असल्यामुळे प्रत्यक्षात १०,००० अधिक १,००० म्हणजे केवळ ११,००० प्रयत्न पुरतात, हे डिसेंबर २०११ मध्ये उघडकीस आले. ही क्रमांकाची सुविधा बंद करता येत नसेल असा राउटर घेऊ नये.

असुरक्षित जाळ्याचे परिणाम : २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे झालेल्या बाँबस्फोटांच्या सुमारास पाठविलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढताना पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेतील इंटरनेट जोडणीपर्यंत पोहोचले. तेथील बिनतारी जाळ्याचा बाहेरच्या व्यक्तींनी गैरवापर केल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्यांच्या सुरक्षित वापराविषयी सेवादात्यांना सूचना दिल्या. बाहेरून दिसणारा पत्ता संपूर्ण घराचा एकच असल्याने गैरवापर कोणीही केला, तरी चौकशीचा पहिला रोख जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे वळतो, हे या घटनेने स्पष्ट केले.

या घटनेत घुसखोर जवळपासचा होता. पुढील काळात हल्ले दुरून आणि आपोआप होऊ लागले. २०१६ मध्ये पसरलेली ‘मिराई’ ही घातक प्रणाली कारखान्यात ठरविलेली सु. साठ नावे व परवलीचे शब्द यांच्या जोड्या वापरून कॅमेरे व राउटर यांत शिरे. अशा उपकरणांच्या संयुक्त माऱ्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिच्या एका उपप्रकारामुळे जर्मनीतील सु. ९ लक्ष ग्राहकांची जोडणी विस्कळित झाली. मे २०१८ मध्ये उजेडात आलेल्या ‘व्हीपीएनफिल्टर’ या प्रणालीने ५४ देशांतील किमान ५ लक्ष साधने ग्रासली होती. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने राउटरांचे असेच एक बाधित जाळे निकामी केल्याचे जाहीर केले. त्यांतील बहुतेक राउटर उत्पादकांनी दुरुस्ती देणे थांबविलेले होते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय अन्वेषण संस्थेने अशा कालबाह्य राउटरांविषयी पुन्हा इशारा दिला. गुन्हेगार त्यांचा उपयोग स्वतःचा ठावठिकाणा लपविण्यासाठी करीत होते. यांपैकी बहुतेक प्रसंगी राउटर वरवर नीट चालत असल्याने मालकाला काही कळण्यास वाव नव्हता.

फर्मवेअर व आधाराचा कालावधी : जर्मनीतील फ्राउनहोफर या संशोधन संस्थेच्या एका शाखेने २०२० मध्ये सात उत्पादकांच्या १२७ घरगुती राउटरांच्या फर्मवेअरची तपासणी केली. त्यांपैकी एकही निर्दोष आढळला नाही आणि ४६ राउटरांना मागील वर्षभरात एकही सुरक्षाविषयक दुरुस्ती मिळालेली नव्हती. यावरून दोष नसलेला राउटर शोधण्यापेक्षा दोष दुरुस्त करणारा उत्पादक शोधणे अधिक शहाणपणाचे, असा निष्कर्ष निघतो.

काही देशांनी याला कायद्याचे स्वरूप दिले आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व नगांना एकच परवलीचा शब्द देण्यास बंदी असून सुरक्षाविषयक दुरुस्ती किमान किती काळ मिळेल हे जाहीर करणे उत्पादकावर बंधनकारक आहे. यूरोपीय संघाचा यासंबंधीचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अस्तित्वात आला व त्यातील प्रमुख तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याचे ठरले. भारतातील ग्राहकालाही याचा अप्रत्यक्ष लाभ घेता येतो. कारण तेच प्रतिरूप (मॉडेल) ब्रिटनमध्ये विकले जात असल्यास त्याच्या आधाराची अखेरची तारीख उत्पादकाच्या तेथील संकेतस्थळावर पाहता येते. भारतात रेडिओ साधनांना दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेची मान्यता लागते. दूरसंचार अभियांत्रिकी केंद्रामार्फत अनिवार्य चाचणी व प्रमाणनाची योजना राबविली जाते आणि सुरक्षाविषयक निकष बंगळुरू येथील राष्ट्रीय संचार सुरक्षा केंद्र ठरविते. साधनांतील दोषांविषयी भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथक (सर्ट-इन) सूचना प्रसिद्ध करते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे बाधित संगणक स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य दिली जातात.

उत्पादकाने आधार थांबविल्यावरही काही राउटर वापरात ठेवता येतात. २००४ मध्ये सुरू झालेला ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा मुक्त फर्मवेअरचा प्रकल्प त्यासाठी उपयोगी पडतो. ज्यावर तो बसविता येतो असा राउटर निवडल्यास त्याचे सुरक्षित आयुष्य वाढते. मात्र हे काम जाणकाराने करावयाचे असते, कारण चुकीचे फर्मवेअर चढविल्यास साधन कायमचे निकामी होऊ शकते.

सेवादात्याचा राउटर : अनेक घरांत सेवादात्याने किंवा स्थानिक केबलचालकाने बसविलेले साधनच वापरात असते. त्यात किंमत वाचते व बिघाडाची जबाबदारी सेवादात्याकडे राहते. उलट फर्मवेअर केव्हा अद्ययावत होईल हे ग्राहकाच्या हाती नसते आणि व्यवस्थापनाचा परवलीचा शब्द पुष्कळदा जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञालाच ठाऊक असतो. अशा वेळी तो शब्द मागून घेऊन बदलणे ही पहिली पायरी होय. दुसरी पायरी म्हणजे सेवादात्याच्या साधनाकडे केवळ संकेतरूपांतराचे कार्य ठेवून (ब्रिज पद्धती) राउटरचे काम स्वतःच्या साधनाकडे घेणे. सेवादाता त्यास अनुमती देत नसल्यास स्वतःचा राउटर त्याच्या मागे जोडता येतो. घरातील उपकरणांपुढे एक संरक्षक थर त्यामुळे उभा राहतो, तथापि बाहेरून आत येणाऱ्या काही सेवांना अडथळा होतो.

विश्वसनीयता : राउटर अहोरात्र चालतो. बंद खोलीत उन्हाळ्यात तापमान ४० से.च्या पुढे गेल्यास संस्कारक तापून साधन अडखळते. म्हणून हवेशीर छिद्रांची पेटी असलेला राउटर पसंत करावा व त्यावर इतर वस्तू ठेवू नयेत. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्ट एकदिश विद्युत् दाबावर चालतात आणि अनेकदा बिघाड राउटरमध्ये नसून त्याच्या अनुयोजकात (अडॅप्टरमध्ये) असतो. वारंवार आपोआप चालू-बंद होणारा राउटर टाकून देण्यापूर्वी त्याच दाबाचा व पुरेशा प्रवाहाचा दुसरा अनुयोजक लावून पाहणे उचित असते. भारनियमनाच्या काळासाठी राउटरचे लहान यूपीएस मिळतात. ३·७ व्होल्ट व ८,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या विद्युत् घटात सु. ३० वॅट-तास ऊर्जा असते. राउटर व तंतूचे साधन मिळून ८ वॅट शक्ती घेत असतील, तर ऱ्हास वजा जाता ती सु. तीन तास पुरते. दोन्ही साधनांना वीज मिळणे आवश्यक आहे. केवळ राउटर चालू राहिल्यास वाय-फायचे चिन्ह दिसते, पण इंटरनेट मिळत नाही. तांब्याच्या तारेची जोडणी असल्यास विजांच्या कडकडाटात ती काढून ठेवणे हिताचे असते.

निवडीचा क्रम : वरील विवेचनावरून निवड करताना पुढील क्रम ठेवणे इष्ट ठरते : (१) उत्पादकाने त्या प्रतिरूपाच्या आधाराची अखेरची तारीख जाहीर केली आहे काय आणि ती किमान चार-पाच वर्षे पुढची आहे काय; (२) मागील दोन वर्षांत फर्मवेअर किती वेळा प्रसिद्ध झाले; (३) फर्मवेअर आपोआप अद्ययावत होते काय; (४) डब्ल्यूपीए-३ उपलब्ध आहे काय; (५) प्रत्येक नगास वेगळा परवलीचा शब्द दिलेला आहे काय; (६) पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळे करता येते काय; (७) दोन्ही कंप्रता पट्टे व गिगाबिट खोबणी आहेत काय; (८) गती व आकाशक. विक्रेता सामान्यतः यादी शेवटून वाचतो. एकाच नावाच्या प्रतिरूपाच्या अनेक आवृत्त्या असतात व त्यांचे आधाराचे कालावधी भिन्न असतात. म्हणून पेटीच्या तळाशी छापलेला आवृत्ती-क्रमांक पाहूनच चौकशी करावी लागते. मोठ्या सवलतीत मिळणाऱ्या राउटरच्या आधाराचा पुष्कळसा काळ गोदामातच संपलेला असू शकतो. अशा वेळी किंमतीस आधाराच्या उरलेल्या वर्षांनी भागून तुलना करणे योग्य होय. उदा., आठ महिने उरलेला १,२०० रुपयांचा राउटर पाच वर्षे उरलेल्या ३,००० रुपयांच्या राउटरपेक्षा वर्षाच्या हिशेबाने तिप्पट महाग पडतो.

मांडणी व देखभाल : राउटर बसविताच व्यवस्थापनाचा आणि वाय-फायचा असे दोन्ही परवलीचे शब्द बदलतात. ते परस्परांपासून भिन्न असावेत. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सुविधा, डब्ल्यूपीएस आणि उपकरणांना परस्पर खोबणी उघडू देणारी ‘यूपीएनपी’ ही सुविधा बंद ठेवतात. कॅमेरे, दूरचित्रवाणी संच यांसारखी दुरुस्ती क्वचितच मिळणारी उपकरणे पाहुण्यांच्या जाळ्यावर ठेवल्यास बँकेच्या व्यवहारांचा संगणक त्यांच्यापासून वेगळा राहतो. जाळ्याचे नाव लपविल्याने सुरक्षितता वाढत नाही, कारण ते नाव जोडणीच्या वेळी प्रक्षेपित होतच असते. जाळ्याला घरमालकाचे नाव किंवा सदनिकेचा क्रमांक देणेही टाळावे. वर्षातून दोनदा, उदा., दसरा व पाडव्याच्या साफसफाईबरोबर, फर्मवेअरची तारीख, नामनिर्देशाची नोंद आणि जोडलेल्या उपकरणांची यादी तपासल्यास बहुतेक घरांची गरज भागते.

आधार संपलेला राउटर नातेवाइकांना किंवा शाळेला देण्याची प्रवृत्ती सद्‌हेतूची असली, तरी तीमुळे धोका नाहीसा न होता दुसऱ्या घरी जातो. असे साधन मूळ स्थितीत आणून त्यातील नोंदी पुसून टाकाव्यात आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावे. ज्याच्यावर मुक्त फर्मवेअर बसविता येते व बसविणारा जाणकार उपलब्ध आहे, असाच राउटर दुसऱ्याच्या घरी जाण्यास योग्य समजावा.